पिशवीची किंमत किती?

आंगणेवाडीच्या जत्रेत एका वर्षी आमच्या बचत गटाचा छोटासा स्टॉल होता. कोकम आगळ, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, घरचे काजू असा नेहमीचा माल. त्यात एका कोपऱ्यात दोरीवर चार-पाच क्रोशाच्या पिशव्या टांगलेल्या. लाल, पिवळा, हिरवा, जांभळा असे नाना रंग एकमेकांत गुंफलेले. जत्रेच्या दिव्यांत त्या इतक्या सुंदर दिसत होत्या की येणाराजाणारा हात लावून पुढे जायचा.

या पिशव्या आमच्या गटातल्या एकीने विणलेल्या. चवथीला दाराला लावायच्या तोरणांचे, ताटावरच्या रुमालांचे, नातीच्या फ्रॉकला लावलेल्या लेसचे जे दोरे उरतात, ते तिने वर्षभर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवले होते. स्टॉल मांडताना तिने मला विचारलं होतं, "वैनी, ह्या पिशवीचे किती सांगूचे?" आणि मी, गटाची हिशेब बघणारी, बी. ए. झालेली, चार ठिकाणी भाषणं देणारी बाई, पटकन म्हणून गेले, "दोरो तर उरललोच आसा. शंभर सांग."

संध्याकाळी एक कुटुंब आलं. बाईंना पिशवी आवडली. "शंभर? घरीच बसून करता ना? मग शंभर कसले? साठ घ्या." विणणारीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "दे गो, जाऊंदे." साठ रुपयांत पिशवी गेली.

रात्री सामान आवरताना ती सहज बोलून गेली, "दहा दिस रात्री बसान केललंय. काजीच्या कारखान्यात गेलंय असतंय तर बरे पैसे गावले असते." तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, पण ते वाक्य घरी येईपर्यंत माझ्या कानात होतं. तिचे दहा दिवस साठ रुपयांना विकायला मान कोणी हलवली होती? मीच ना!

मैत्रिणींनो, आज क्रोशाच्या पिशवीबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा मनात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ती करायची कशी, कारण खरंच ती करण्यासारखी वस्तू आहे. आणि दुसरी म्हणजे तिची किंमत करायची कशी. पहिली सोपी आहे, तिच्यापासूनच सुरुवात करते.

आधी उरलेले दोरे जाडीप्रमाणे वेगळे करा. बारीक दोरा असेल तर दोन किंवा तीन पदर एकत्र घेऊन विणा, म्हणजे काम लवकर उठतं आणि पिशवीला अंगही येतं. लाल, मरून, गडद निळा असे रंग आधी ओले करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग फडक्याला लागला तर तो दोरा दोन-तीनदा धुऊन, वाळवूनच घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात पिशवी खराब.

तळ घट्ट हवा. चार साखळ्या घालून त्यांचा गोल जोडा. त्या गोलात सहा लहान खांब घाला. लहान खांब म्हणजे सुईवर आधी दोरा न घेता काढलेला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत एकाआड एक खांबात दोन, म्हणजे अठरा. असे प्रत्येक फेरीला सहा वाढवत जायचं. काठाला झालर पडू लागली तर समजावं की खांब जास्त झाले, आणि वाटीसारखं वळू लागलं तर कमी. जेवणाच्या छोट्या ताटाएवढा तळ झाला की वाढवणं थांबवायचं. गडद, मळखाऊ रंग इथे वापरून टाकावेत.

मग बाजू. पाच साखळ्यांचा फास घ्यायचा आणि दोन खांब सोडून तिसऱ्यात अडकवायचा. पुढच्या फेरीत आधीच्या फासाच्या मधोमध अडकवायचा. होते झकास जाळी. रंग बदलायचा तो फेरी संपल्यावरच, म्हणजे जोड एका रेषेत येतात. दोऱ्याची टोकं चार बोटं लांब ठेवून सुईने आत ओवून टाका. गाठ मारून कापून टाकलेली टोकं सहा महिन्यांत सुटतात, हा माझा अनुभव. तोंडाशी पुन्हा चार-पाच फेऱ्या घट्ट लहान खांबांच्या.

आणि बंद! बहुतेकींच्या पिशव्या बिघडतात त्या इथेच. सुती विणकाम ओझ्याने ताणलं जातं. दोन किलो कांदे-बटाटे घातले की बंद गुडघ्यापर्यंत! म्हणून बंद रुंद आणि घट्ट विणावा, आणि आतल्या बाजूने जुन्या साडीचा काठ शिवून टाकावा. साडी विरते पण काठ टिकतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. आपल्याकडच्या पावसाळ्यात सुताला बुरशी धरते, तेव्हा पिशवी ओली ठेवू नका. उघडीप मिळाली की उन्हात टाका. भाजी, नारळ, आंबे, पुस्तकं काहीही न्या. बांगडे मात्र यातून आणू नका, त्यासाठी आपला डबाच बरा!

अशी पिशवी घडी घालून मुठीत मावते. पर्समध्ये कायम राहिली तर दुकानदाराकडे पिशवी मागायची वेळच येत नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. तरीही सकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलं की भरतीने काय काय आणून टाकलंय ते दिसतंच. आपल्या तांबळडेगला, वायंगणीला कासवं अंडी घालायला येतात. पाण्यात तरंगणारी पातळ पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते ती गिळतं. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा वेगवेगळा गोळा करून, प्लास्टिकचे बारीक तुकडे करून ते डांबरी रस्त्यात वापरून दाखवले, त्याचं कौतुक सगळीकडे झालं आणि ते योग्यच होतं. पण मुळात पिशवी घरीच आली नाही तर किती बरं!

इथपर्यंत सगळं छान छान आहे. पण माझं घोडं अडतं ते इथून पुढे. प्लास्टिक नको, कापडी पिशव्या वापरा, असं आपण व्यासपीठावरून सांगतो. त्या शिवायच्या, विणायच्या कोणी? बायकांनी. कधी? फावल्या वेळात. पैसे? छे, उरलेल्या दोऱ्याचे, जुन्या साडीचे कसले पैसे! समुद्र स्वच्छ राहावा ही सगळ्यांची जबाबदारी. तिचा खर्च मात्र एकीच्या रात्रीच्या झोपेतून वसूल व्हायचा.

"फावला वेळ" हा शब्दच मला हल्ली खटकायला लागला आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. म्हणजे जवळजवळ पाच तास. हेच काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. त्यातून उरतो तो बाईचा फावला वेळ! आमच्या गटातली ती विणायला बसते, ते जेवणाची भांडी झाल्यावर, सासूच्या पायाला तेल लावून झाल्यावर. सासूबाई म्हणतात, "बसल्या जागी हाताक चाळो." खरं तर तो तिच्या दिवसाचा शेवटचा जागा तास असतो.

आपण सगळ्या याच वळणात वाढलो. आठवतं ना, शाळेत हस्तव्यवसायाचा तास असायचा? मुलींनी रुमाल विणायचे. मग लग्न ठरलं की रुखवत. क्रोशाचा टेबलक्लॉथ, तोरण, टीव्हीवरचा रुमाल, बाहुलीचा घेरदार झगा. मांडवात बायका वाकून वाकून बघायच्या, "पोरीच्या हाताला काय वळण आहे हो!" म्हणायच्या. त्या कौतुकाची गोडी मीही चाखली आहे, खोटं कशाला बोलू? पण रुखवताच्या टेबलावर कधी कोणी किंमत विचारली नाही, आणि विचारलीही असती तर आम्हाला सांगता आली नसती. कौतुकावर भागवायची सवय लागली ती तिथेच.

यावर कोणी म्हणेल, एका पिशवीचं एवढं काय घेऊन बसलात? म्हणून नरसापूरची गोष्ट सांगते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळींनी तिथल्या गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली आणि मोठा व्यापार उभा राहिला. मारिया मिस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे गेल्या, बायकांबरोबर बसल्या, हिशेब मांडले आणि १९८२ साली त्यांचं पुस्तक आलं. शिबिरात एकदा कोणीतरी उल्लेख केला म्हणून मी त्याची माहिती मिळवून वाचली आणि चाट पडले.

तिथे एक बाई नुसती फुलं विणायची, दुसरी ती जोडायची. पूर्ण वस्तू कुठे जाते, कितीला विकली जाते हे दोघींनाही माहीत नसायचं. माल गोळा करणारे, विकणारे, निर्यात करणारे प्रामुख्याने पुरुष. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास लेस विणायच्या, आणि त्यांची कमाई शेतमजुरीपेक्षाही कमी पडायची. का? तर त्या मजूर नव्हेतच म्हणे! त्या "घरात बसलेल्या बायका", रिकाम्या वेळात हात चालवतात. त्यांच्या बोटांतून परकीय चलन देशात येत होतं, आणि त्यांना मात्र कोणी कामगार म्हणायला तयार नव्हतं. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची बातमी आहे. पण नावाला मान मिळाला तशी बोटांनाही मजुरी मिळायला हवी.

जत्रेतल्या त्या बाईंचं वाक्य आठवा, "घरीच बसून करता ना?" नरसापूरपासून आंगणेवाडीपर्यंत एकच वाक्य!

आणखी एक गोष्ट मला हे वाचताना कळली. दोन सुयांवरचं विणकाम मशीनवर होतं, स्वेटर तसेच होतात. क्रोशाचं मात्र तसं नाही. क्रोशासारखी दिसणारी लेस मशीनवर निघते, पण खरा क्रोशा विणून बाजारात माल ओतील अशी मशीनं अजून आलेली नाहीत. म्हणजे शहरातल्या मोठ्या दुकानात खरी क्रोशाची पिशवी किंवा टॉप स्वस्तात टांगलेला दिसला, तर तो कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी बाईने हातानेच विणलेला असतो. तो स्वस्त कसा झाला, हे आता तुम्हाला सांगायला नको.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. पापड लाटणं हेसुद्धा "घरचं काम"च होतं की! पण तिथे लाटणारी प्रत्येक बहीण त्या संस्थेची मालकीण ठरली. मजुरीचा दर ठरला आणि तो कोणाच्या मान हलवण्यावर राहिला नाही. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत होडी वल्हवून पर्यटकांना खारफुटी दाखवतात, २०१७ पासून. खाडी त्यांच्या दारातलीच, रोजच्या पाहण्यातली. पण तिची ओळख करून देण्याचे पैसे घ्यायचे, हे त्यांनी ठरवलं. आपल्याला जे सहज येतं त्याचीही किंमत असते, हे आपलं आपल्याला आधी पटावं लागतं.

तर आम्ही काय केलं ते सांगते. जत्रेनंतरच्या गटाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली. मग एक काम ठरवलं. प्रत्येकीने विणायला बसताना आणि उठताना घड्याळ बघायचं आणि वहीत लिहायचं. सुरुवातीला सगळ्या हसल्या. महिन्याने वह्या आल्या तेव्हा कोणी हसत नव्हतं. मोठ्या पिशवीला सरासरी बारा तास लागत होते. साठ रुपयांना विकली तर तासाला पाच रुपये!

मग दर कसा ठरवायचा? आमच्यातलीच एक म्हणाली, रोजगार हमीची मजुरी धरूया. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमी देशाला शिकवली, तिथल्या बायकांनी निदान तेवढं तरी धरावं. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ती दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागली तर तासाला ३९. बारा तासांचे झाले ४६८. त्यात आतला काठ, शिवणाचा दोरा, सुई-कात्री. आम्ही पिशवीला ५०० रुपये दर लावला. दोरा उरलेला म्हणून तो फुकट धरला, हे लक्षात घ्या. नवीन आणला असता तर दीड-दोनशे आणखी वाढले असते.

सगळ्यांना हे पटलं असं मात्र नाही. एक काकी रागावल्याच. "पाचशे कोण दितलो? माझी पिशवी तशीच ऱ्हवतली. माका शंभर गावले तरी बरे." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या घरात गॅसचा सिलिंडर आणायला पैसे मोजून ठेवावे लागतात, तिथे तत्त्वाच्या गोष्टी पोट भरत नाहीत. माझ्या घरात नवऱ्याचा पगार येतो म्हणून मला थांबणं परवडतं, हे मला त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं.

त्या मोसमात, दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत, वीस पिशव्यांपैकी सातच गेल्या. तेरा राहिल्या. पण बसून हिशेब केला तर सातांचे झाले ३५००. वीसच्या वीस साठ रुपयांनी गेल्या असत्या तर झाले असते १२००. हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा रागावलेल्या काकीच आधी बोलल्या, "मगे कमीच करूया, पण दर उतरूचो नाय." ज्यांच्या पिशव्या राहिल्या त्यांची अडचण होऊ नये म्हणून तीन तासांत होणारी मोबाइलची छोटी पिशवी दीडशेला ठेवली. ती बऱ्यापैकी जाते. मोठ्या पिशव्या आता आगाऊ मागणी असेल तरच करायच्या. आणि प्रत्येक पिशवीला पुठ्ठ्याची छोटी चिठ्ठी बांधतो, "हाताने विणलेली, बारा तास." एवढंच. तारकर्लीला उतरलेल्या एका शिक्षिकेने ती चिठ्ठी वाचली, पिशवी उलटसुलट करून बघितली आणि घासाघीस न करता पाचशे रुपये काढून दिले. वर म्हणाली, "बारा तास? मग स्वस्तच आहे हो!"

सगळंच विकायला काढा, असं माझं म्हणणं नाही. मी स्वतःसाठी विणते ती पिशवी, लेकीला पाठवते ती पिशवी, तिचा मी हिशेब करत नाही. तौक्ते वादळानंतर २०२१ च्या मे महिन्यात आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. पडलेल्या माडांकडे बघवत नव्हतं, तेव्हा याच उरलेल्या दोऱ्यांनी माझं डोकं ठिकाणावर ठेवलं. तो आनंद आपला आपल्याला. प्रेमाने दिलं तर खुशाल फुकट द्यावं. पण दुसरीच्या हातचं घेताना, किंवा आपल्या हातचं बाजारात मांडताना, "उरलेलाच तर दोरा आहे" हे वाक्य तेवढं तोंडातून काढू नये. दोरा उरलेला असेल, तिचे बारा तास कोणाकडून उरलेले नव्हते.

तेव्हा डबा काढा, दोरे सोडवा, छानशी पिशवी विणा. फक्त सुई हातात घेण्याआधी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा आणि कुठेतरी लिहून ठेवा. जिच्यापासून हे सगळं सुरू झालं ती आमची मैत्रीण हल्ली नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. परवा सासूबाईंनी तिला विचारलं म्हणे, "काय गो लिवतंस ता?"

ती म्हणाली, "माझी हजेरी."